स्पोर्ट्स कार अंगानं भरत चालल्यात, त्याबद्दल

चाकधर (धागाकर्ता)

बीएमडब्ल्यूच्या २०२४ च्या हायब्रिड एम-५ चं वजन वाचलं आणि आधी वाटलं छपाईची चूक असेल. २४०० किलोच्या पुढे! ऐंशीच्या दशकातली पहिली एम-५ साधारण १४०० किलोची होती. नुसत्या फरकातच एक अख्खी गाडी बसते.

पण एम-५ पडली चार दारांची. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावरच इथे शंभर प्रतिसाद पडतील आणि मूळ मुद्दा राहील बाजूला. म्हणून अशी गाडी घेऊ जी साठ वर्षं त्याच नावानं, साधारण त्याच आकारात, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकवून बनतेय. पोर्शे ९११.

१९६४ ची पहिली ९११: १०८० किलो, १३० हॉर्सपॉवर. पुढचे सगळे आकडे किलोत आणि कॅरेराचे, म्हणजे साध्या, मागची चाकं ढकलणाऱ्या ९११ चे; ९६४, ९९३ वगैरे हे तिच्या पिढ्यांचे कंपनीतले क्रमांक. १९८९ च्या सुमाराची ९६४: १३५०. ९९३: १३७०. मग ९९६ आली, जिला हेडलाइटवरून लोक अजून शिव्या घालतात, आणि ती चक्क १३२० वर उतरली. ९९७ परत १३९५. २०११ ची ९९१ आधीच्यापेक्षा लांब असूनही १३८०. मग एकदम उडी, ९९२: १५०५. त्यातलीच जास्त ताकदीची जीटीएस आता हायब्रिड होऊन १५९५ ला पोचलीय.

मला यात गंमत वाटते ती उतरलेल्या दोन आकड्यांची. रेघ सरळ वर गेलेली नाही. मनावर घेतलं तेव्हा त्याच कंपनीनं वजन उतरवून दाखवलंय, तेही मोठ्या गाडीत. म्हणजे गाडीचं वजन वाढणं हा काही निसर्गनियम नाही, प्रत्येक किलोमागे कुणीतरी कधीतरी "असू दे" म्हटलेलं असतं. आता ते नक्की कोण म्हणालं हे शोधायला गेलं की मजा येते.

पहिलं उदाहरण. सुरुवातीच्या ९११ ची शेपूट फार नाचायची. मागे जड, पुढे हलकी. पोर्शेनं काय केलं? पुढच्या बंपरच्या आत दोन्ही कोपऱ्यांत बिडाचे ठोकळे बसवले, एकेक ११ किलोचा. हलक्या गाडीसाठी नावाजलेल्या कंपनीनं गाडीत मुद्दाम वजन घातलं! पुढे १९६९ च्या मॉडेलला चाकांमधलं अंतर ५७ मिमीनं वाढवलं, मोठ्या बॅटरीऐवजी दोन छोट्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या, आणि मग ठोकळ्यांची गरज संपली.

दुसरं, १९७३ ची कॅरेरा आरएस २.७. हिच्या हलक्या आवृत्तीचं वजन ९६० किलो. पातळ पत्रा, पातळ काचा, मागची सीट गायब, घड्याळ गायब, दार आतून ओढायला चामड्याचा पट्टा, आणि बॉनेटवरचा बिल्ला धातूचा न देता स्टिकर चिकटवलेला. रेसिंगच्या नियमासाठी ५०० गाड्या विकायच्या होत्या आणि तेवढ्या खपतील का अशी कंपनीत धास्ती होती. बनल्या १५८०. पण त्यातली खरी हलकी किती जणांनी घेतली? दोनशे. बहुतेकांनी ११५ किलो जास्तीची टूरिंग घेतली, गालिचे आणि नीट सीटवाली. आज त्याच दोनशेच्या लिलावाच्या बातम्या होतात. तेव्हा मात्र गिऱ्हाईक स्वतःच म्हणत होतं, असू दे!

बोला आता. आवडती हलकी गाडी, आवडती जाडी गाडी, काहीही चालेल.

---

खडीसाखर

वाचतोय. ११ किलोचे ठोकळे माहीत नव्हते, भारीच.

---

पत्राकाम

चाकधरराव, धागा झकास, पण सगळं खापर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फोडू नका. चाकणला बॉडी डिझाइनमध्ये पोट भरतो (स्पोर्ट्स कार नाही, तुमच्या-आमच्या साध्या गाड्या), त्यामुळे किलो कुठून येतात ते रोज बघतो.

सर्वात मोठा वाटा धडकेचा. अमेरिकेनं १९७३-७४ मध्ये नियम केला की ताशी ५ मैलांनी बंपर ठोकला तरी गाडीचे दिवे वगैरे सुरक्षेचे भाग बिघडता कामा नयेत. त्या एका नियमानं ब्रिटिश एमजीबीचं नाजूक क्रोमचं बंपर जाऊन काळा रबरी ओठ आला, वर गाडी उंच करावी लागली आणि तिचं वळणावरचं बस्तान बिघडलं. ९११ लाही तेव्हाच घड्यांचे रबर लावलेले बंपर आले. १९९७ पासून युरो एनकॅप या धडक-चाचणीचे तारे आले. तेव्हापासून दारात आडवे बार, छपराला आधार देणारे जाड खांब, एअरबॅग, सीटच्या पट्ट्यांचे टेन्शनर. साठच्या दशकातल्या गाडीचा पुढचा खांब बघा आणि आजचा बघा. काचेतून दिसणारं जग त्यामुळे अरुंद झालं हे खरंय, पण गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येत नाही.

यापुढचं मात्र बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. वजन एकटं येत नाही, सोबत पाहुणे आणतं. बॉडी ६० किलोनं वाढली की तेवढंच थांबायला ब्रेक मोठे लागतात. मोठ्या ब्रेकवर मोठं चाक. मोठ्या चाकाला जाड सस्पेन्शनचे हात. मग पळायला ताकद जास्त, ताकदीला मोठा रेडिएटर, मोठा गिअरबॉक्स, आणि हे सगळं पेलायला बॉडी परत मजबूत. पहिल्या ९११ ला १६५ रुंदीचे, १५ इंची टायर होते, पुढेमागे सारखेच. आजच्या साध्या कॅरेराला पुढे २३५ चे १९ इंची आणि मागे २९५ चे २० इंची.

आमच्याकडे वजनाची मीटिंग असते. प्रत्येक विभागाला आपापलं बजेट वाटून दिलेलं असतं. सीटवाला म्हणतो, दोन किलो वाढतील, कारण मार्केटिंगला हवा मारणारी सीट हवीय. आवाज कमी करणारा म्हणतो, फ्लोअरवर अजून एक थर डांबरी शीट लागणार. वायरिंगवाला तर मान खाली घालूनच बसतो. प्रत्येकाचं कारण रास्त. संध्याकाळी बेरीज केली की बजेट फुटलेलं. खलनायक कुणीच नसतो, म्हणून तर थांबवायला अवघड.

---

वजनकाटा

मी नेहमीप्रमाणे खुसपट काढायला आलोय. आकडे तुलना करताना कुठला आकडा हे आधी बघा, नाहीतर सफरचंद आणि फणस.

जर्मन डीआयएन वजन म्हणजे गाडी रिकामी, सगळी तेलं-पाणी भरलेलं, टाकी ९० टक्के. युरोपियन पद्धतीत त्यावर ७५ किलो धरतात: ६८ चा ड्रायव्हर आणि ७ किलो सामान. म्हणून एकच ९९२ कॅरेरा एका रकान्यात १५०५ आणि दुसऱ्यात १५८०. कुणी जुनीचा पहिला आकडा आणि नवीचा दुसरा घेतला की ७५ किलो फुकट वाढले.

आणि इटालियन मंडळींचं ड्राय वेट! फेरारी एफ-४०, १९८७, कागदावर ११०० किलो. पण ते कोरडं. तिच्या दोन टाक्या मिळून १२० लिटरच्या, भरल्या की पेट्रोलच ९० किलोच्या आसपास. मग इंजिन ऑइल, कूलंट. कोरडी गाडी चालवून दाखवा म्हणावं.

तरी एफ-४० हलकीच, यात वाद नाही. आत गालिचा नाही, दार उघडायला हँडलच्या जागी एक दोरी, आणि रंगाचा थर इतका पातळ की खालच्या केव्हलार-कार्बनची वीण दिसते. हल्ली कुणाच्या गाडीला असा रंग आला तर सर्व्हिस सेंटरवर मोर्चा नेतील.

चाकधर यांचे आकडे सगळे डीआयएन आहेत, तेव्हा तुलना रास्त आहे. पास.

---

मियाटावाले काका

न्यू जर्सीहून रामराम. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, इकडे सगळे मियाटाच म्हणतात. १९८९ ची जपानी आवृत्ती ९४० किलो. माझी अमेरिकन, किंचित जास्त. साधं स्टिअरिंग, पॉवर नाही. पार्किंगमध्ये हात भरून येतात, पण गाडी हलली की रस्त्यावरचा खडा न खडा बोटांना कळतो. शेजारी बायको बसली की गाडीचं वागणं बदलतं! (हे तिला सांगू नका.) दोन टनी गाडीत चौघं बसले तरी काही फरक पडत नाही, आणि नेमकं तेच मला खटकतं.

लिहायला आलो ते माझदाच्या हट्टाबद्दल. तिसरी पिढी, २००५ ची, ११०० किलोच्या आसपास गेली होती. चौथी पिढी २०१५ ला आली आणि जपानी दीड लिटरची सर्वात साधी आवृत्ती ९९० किलो. एअरबॅग, एबीएस, धडकेचे आजचे सगळे नियम पाळून! लांबीनं तर ती माझ्या गाडीपेक्षाही आखूड आहे. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे. चाकाला पाचाऐवजी चारच बोल्ट. सीटमध्ये स्प्रिंगऐवजी ताणलेली जाळी. किलोत कुठे मोठा घाव घातलेला दिसत नाही, सगळी चिल्लर गोळा केलेली.

आणि पत्राकाम म्हणतात ते चक्र उलटंही फिरतं. गाडी हलकी म्हणून दीड लिटरचं इंजिन पुरलं, इंजिन छोटं म्हणून टायर अरुंद चालले, चार बोल्ट पुरले.

---

टर्बोतात्या

सगळे गळे काढताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. जड झाल्या तर झाल्या. पळतात की नाही? १९६४ च्या ९११ ला एका हॉर्सपॉवरमागे ८.३ किलो ओढायचे होते. ९९२ पिढीच्या ३८५ हॉर्सपॉवरच्या कॅरेराला ३.९. निम्म्याहून कमी! कुठल्याही ट्रॅकवर नवी गाडी जुनीला चहा पिऊन येऊन परत गाठेल.

निसान जीटी-आर घ्या. आर-३५, १७४० किलोची म्हैस. तिचे मुख्य इंजिनिअर काझुतोशी मिझुनो तर उघड म्हणायचे की टायर रस्त्याला दाबून धरायला वजन लागतं, वजन कमी करण्याचा हट्ट कशाला. आणि त्या म्हशीनं भल्याभल्या इटालियन घोड्यांना घाम फोडला. हलकी गाडी म्हणजे खानदानी गाडी ही जुन्या पेट्रोलबाजांची अंधश्रद्धा आहे.

---

चाकधर

तात्या, मिझुनो माणूस मोठा, जीटी-आर गाडी मोठी, पण हा मुद्दा अर्धाच खरा. वजन वाढलं की टायर जास्त दाबला जातो आणि पकड वाढते, कबूल. पण त्याच प्रमाणात वाढत नाही. रबराचा गुणच असा की भार दीडपट झाला तर पकड दीडपटीपेक्षा कमी वाढते. वळणावर सांभाळायचं वजन मात्र पूर्ण दीडपट असतं. म्हणजे दर वळणाला थोडा तोटा. तो भरून काढायला टायर रुंद करा, मग पत्राकाम यांचं चक्र सुरू.

दाब हवा असेल तर हवेचा घ्यावा, त्याला वजन नसतं. गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी आपल्या टी-५० या स्पोर्ट्स कारमध्ये मागे ४०० मिमीचा पंखा बसवला तो त्यासाठीच. गाडी हजार किलोच्या आतली, व्ही-१२ इंजिनासकट.

शिवाय ब्रेक. ताशी १०० वर १५०५ किलोची गाडी थांबवायला १०८० किलोवालीपेक्षा ४० टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ताकदीनं वजन लपतं ते फक्त सरळ रस्त्यावर आणि फक्त वेग घेताना. तुमचे ८.३ आणि ३.९ हे आकडे त्या एकाच प्रसंगाचे आहेत. घाटात दिवसभर काय करतो आपण? ब्रेक, वळण, ब्रेक, वळण.

आणि ट्रॅकवरची वेळ ही माझी तक्रारच नाही. माझी तक्रार ताशी ६०-७० ची आहे. मियाटावाले काका म्हणताहेत ती मजा कायद्यात बसणाऱ्या वेगाला मिळते. १६०० किलो आणि ५०० हॉर्सपॉवरची गाडी ताशी ७० ला झोपलेली असते, ती जागी होते तेव्हा आपलं लायसन्स जायची वेळ आलेली असते.

---

टर्बोतात्या

झोपलेली असते म्हणूनच बायको-पोरांना घेऊन महाबळेश्वरला जाता येतं. चालू द्या.

---

अनघा_ठाणे

मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण एक प्रश्न. कार्बन फायबर इतकं हलकं आहे तर सगळ्यांना का लावत नाहीत?

---

पत्राकाम

ताई, प्रश्न अगदी मर्मावर. पैसा आणि वेळ. स्टीलचा पत्रा प्रेसमध्ये घातला की काही सेकंदांत दाराचा आकार होऊन बाहेर. कार्बनचं कापड साच्यात बसवायचं, रेझिन, दाब, उष्णता, मग थांबा. १९९२ ची मॅकलॅरेन एफ-१ अख्खी कार्बनच्या सांगाड्यावर होती, ११३८ किलो, पण ती सव्वाशेही बनली नाही.

सोपा मधला मार्ग ब्रिटनच्या लोटस कंपनीनं दाखवला. १९९६ ची एलिझ: ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या साच्यातून दाबून काढल्या आणि वेल्डिंग न करता एपॉक्सीनं चिकटवल्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि मग ते जाड घ्यावं लागतं. चिकटवल्यामुळे पातळ चाललं. सांगाडा फक्त ६८ किलो, गाडी ७२५ च्या आसपास. इंजिन कुठलं, तर रोव्हरचं साधं १.८ लिटरचं, ११८ हॉर्सपॉवर.

अलीकडची म्हणाल तर २०१७ ची फ्रेंच अल्पीन ए-११०, ११०० किलोच्या आसपास. तिची सीट १३.१ किलोची. मागच्या ब्रेकला हँडब्रेकचा वेगळा कॅलिपर (चकती आवळणारा चिमटा) असतो ना, तो काढून टाकून मुख्य कॅलिपरमध्येच ते काम घातलं, अडीच किलो वाचले. असल्या अडीच किलोसाठी सप्लायरशी किती महिने भांडण झालं असेल ते मला न सांगता कळतं!

---

वजनकाटा

अनघाताईंच्या प्रश्नातून आठवलं. पूर्वी हलकी गाडी गरिबाची असायची. लोटस सेव्हन, १९५७, पाचशे किलोच्या आसपास, सुट्या भागांत मिळायची कारण ब्रिटनमध्ये तशी घेतली तर खरेदी कर लागत नसे. घरी नेऊन स्वतः जोडा. आज उलटं. पोर्शेच्या ९११ एस/टी चं वजन १३८० किलो, साध्या कॅरेरापेक्षा सव्वाशेनं कमी, आणि किंमत दुपटीहून जास्त. कमी सामान, जास्त पैसे! देवळात उपासाची थाळी महाग असावी तसं.

---

जुना_गॅरेजवाला

लोटसचं कौतुक चाललंय म्हणून लिहितो, विरजण घालायचा हेतू नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा हलकेपणाचा ध्यास खराच, पण त्याची किंमत ड्रायव्हरांनी मोजली. १९६० साली बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा सराव चालू असताना स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचं मागचं चाक निघालं, दोन्ही पाय मोडले. १९६९ ला स्पेनच्या शर्यतीत योखन रिंट यांच्या गाडीचा उंच पंख कोसळला. त्यानंतर रिंट यांनी चॅपमनना पत्र लिहिलं. मतितार्थ असा की, तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की काही पौंड वाढवून सर्वात कमकुवत भाग मजबूत केले तरी आपण स्पर्धेत टिकून राहू. पुढच्या वर्षी इटलीत मॉन्झाच्या ट्रॅकवर सरावातल्या अपघातात रिंट वारले, गाडी लोटस-७२. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळालं.

तेव्हा चाकधर, तुमच्या "असू दे" मध्ये काही "असू दे" हे माणूस जिवंत राहावा म्हणून म्हटलेले आहेत.

---

चाकधर

शंभर टक्के मान्य, आणि त्या किलोंबद्दल माझी कुरकुरच नाही. माझदानं ते सगळे किलो घेऊनही ९९० करून दाखवलं, म्हणून तर उरलेल्यांचा राग येतो. तारे मिळवायला २० इंची चाकं लागत नाहीत. बारा बाजूंनी हलणारी सीट लागत नाही.

---

खडीसाखर

आणि इलेक्ट्रिक? आता तर खेळच संपला असेल ना? महिंद्राच्या मालकीच्या पिनिनफारिनाची बतिस्ता बघितली, १२० युनिटची बॅटरी आणि वजन दोन टनांच्या पुढे.

---

पत्राकाम

बॅटरीचं गणित क्रूर आहे. टेस्लाची पहिली रोडस्टर, २००८ ची, एलिझच्याच सांगाड्यावरून बेतलेली होती. तिची बॅटरी एकटी ४५० किलो. म्हणजे पहिल्या एलिझच्या निम्म्याहून जास्त वजन नुसत्या बॅटरीचं.

मधला मार्ग म्हणून ती हायब्रिड ९११ जीटीएस मला पटते. बॅटरी छोटीशी, १.९ युनिटची, २७ किलो. चार्जिंगची भानगड नाही. ती टर्बो फिरवते, गिअरबॉक्समधल्या मोटरला वीज देते, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर. सगळं धरून आधीच्या जीटीएसपेक्षा ५० किलोच वाढले. हायब्रिड म्हटल्यावर बाकीचे काय करतात हे वर एम-५ मध्ये दिसतंच आहे.

---

मियाटावाले काका

पन्नास"च" म्हणालात राव! माझदावाल्यांनी त्या पन्नासासाठी बोल्ट मोजले.

---

पत्राकाम

काका, सोमवारी मीटिंग आहे, येता का? वायरिंगवाल्याच्या शेजारी खुर्ची रिकामी आहे.